उचल, पट्टी आणि पेव : रॅपचा पैसा घरात कसा ठेवायचा

माझं वय ४४. रॅप करायला लागलो तेव्हा सांगलीत या प्रकाराला नावसुद्धा नव्हतं. गल्लीतली एक आजी म्हणायची, "भांडतोयस का गातोयस ते एकदा ठरव." आता विश्रामबागेत माझी बारा बाय दहाची रेकॉर्डिंगची खोली आहे. आठवड्याला तीन-चार पोरं येतात. केसांना रंग, गळ्यात साखळी, मोबाईलमध्ये कुठून तरी उतरवून घेतलेला बीट, म्हणजे रॅपमागचं तयार संगीत. काम झालं की बूट घालता घालता हमखास एकच प्रश्न येतो: "दादा, यातनं पैसा मिळतो का वो?"

मिळतो. मिळालेला कुठून गळतो ते मी स्वतःचा गळवून शिकलो, म्हणून हे लिहितोय. यमक कसं जुळवायचं, दम कुठं घ्यायचा, यातलं काही इथं सापडणार नाही. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. माझं अर्थशास्त्र त्या गादीवरचं आणि शब्दही तिथलेच. पुढं अमेरिकेतल्या जुन्या रॅपरांचे व्यवहार वाचत गेलो तेव्हा वाटलं, डॉलर सोडले तर सगळं आपल्या यार्डातलंच चाललंय.

उचल

उसाच्या पट्ट्यात उचल म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. टोळीनं हंगामाआधी मुकादमाकडून पैसे घ्यायचे आणि कोयता चालवून फेडायचे. फिटले नाहीत तर पुढच्या हंगामाला पुन्हा तोच मुकादम. म्युझिक कंपनीचा ॲडव्हान्स याच जातीचा. पोरगं सांगत येतं, "कंपनीनं दोन लाख दिलं." बाबा, दिले नाहीत, तुझ्याच वाट्यातून आधी कापून घेणार आहेत. बऱ्याच करारांत व्हिडिओचा खर्च, जाहिरातीचा खर्च, मुंबईतलं राहणं-जेवणसुद्धा त्याच खात्यात चढतं.

सहीआधी तीन गोष्टी विचारा. उचल कशाकशातून फिटणार? फिटेपर्यंत माझ्या हातात काय येणार? आणि फिटल्यावर गाणं कुणाचं? तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा 'कंपनीचंच' असं येतं. म्हणजे कर्ज फेडलं तुम्ही आणि घर बँकेच्या नावावर.

माझं ऐका. २०१० साली हळदी समारंभावर एक गाणं केलं. रेकॉर्डिंगचे ४,००० रुपये माझ्या खिशातले. एका कंपनीच्या माणसानं ११,००० दिले आणि कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडून १०० रुपयांच्या स्टॅम्पवर एकपानी कागद करून घेतला: 'सदर गीताचे सर्व हक्क लिहून देत आहे.' मी सही ठोकली, आईला मिक्सर घेतला आणि खूश झालो. पुढची दोन वर्षं मिरजेपासून कवठे महांकाळपर्यंत ते गाणं वाजलं नाही असा मांडव नसेल. एका लग्नात मी पंगतीत बसलेलो, स्पीकरवर मीच. वाढपी मला म्हणतो, "सरकून बसा पाव्हणं, नाचणाऱ्यांचा धक्का लागंल."

२०१६ मध्ये दुसऱ्याच कामासाठी एका वकिलांकडं गेलो होतो, तेव्हा तो कागद सहज दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून दोनदा वाचला आणि हसले. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये सोय आहे: हक्क दिल्याच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. टायपिस्टनं 'कायमचे' हा एक शब्द घातला नव्हता. माझं गाणं वर्षापूर्वीच सुटलं होतं आणि मला पत्ता नव्हता. नोटीस गेली, दोन महिन्यांत ते माझ्या खात्यावर आलं. आज खोलीचं लाइटबिल त्यातून भागतं.

असलं नशीब पुन्हा पुन्हा येत नसतं. आताचे करार मुंबईतले वकील करतात आणि ते 'कायमचे' तर लिहितातच, वर 'संपूर्ण विश्वात' असंही लिहितात. मंगळावर कुणाला हळद लागणार आहे देव जाणे.

विकायचं की खंडानं द्यायचं

शेताचा व्यवहार डोळ्यापुढं ठेवा. विकलं की सातबारा गेला. खंडानं दिलं की तीन वर्षांनी परत आपलं. गाण्याचंही दोन्ही तऱ्हेनं करता येतं. कंपनीला हक्क लिहून देणं म्हणजे विक्री, आणि ठरावीक मुदतीचं लायसन्स म्हणजे खंड. कंपनी विक्रीचाच कागद पुढं करणार. तुम्ही खंड मागा, तीन वर्षं म्हणा, पाचावर या. नवीन पोराचं ऐकत नाहीत हे खरं, पण न मागणाऱ्याला तर नक्कीच मिळत नाही.

अमेरिकेतला रॅपर जे-झी, त्याचं इथं सांगतो. सुरुवातीला कुठलीच कंपनी त्याला घेईना, म्हणून १९९५ मध्ये दोघा भागीदारांना घेऊन त्यानं स्वतःची कंपनी काढली आणि १९९६ ला पहिला अल्बम तिच्यातून आणला. २००४ च्या सुमारास मोठ्या डेफ जॅम कंपनीनं त्याला अध्यक्ष केलं. ती खुर्ची घेताना त्यानं अट घातली, की माझी मूळ रेकॉर्डिंग ठरल्या वर्षांनी माझ्याकडं परत आली पाहिजेत. कपड्यांच्या ब्रँडचे हक्क त्यानं २००७ ला २० कोटी ४० लाख डॉलरला विकले, २०१९ मध्ये 'फोर्ब्स'नं त्याला रॅपमधला पहिला अब्जाधीश ठरवलं. पोरं तो अब्जाचा आकडा स्टेटसला ठेवतात. मी त्या अटीचं प्रिंट काढून मिक्सरच्या वर चिकटवलंय. (आवाजाचा मिक्सर, आईचा नव्हे.)

२०१२ च्या दुरुस्तीनं आपल्याकडंही एक कवच आलंय. गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा जो हक्क आहे, तो कंपनीला लिहून देताच येत नाही. वारसाला किंवा वसुली करणाऱ्या संस्थेला देता येतो, बाकी कुणाला नाही. रॅपर स्वतःच लिहितो, म्हणजे तो गीतकार आहे. तरी दहातल्या नऊ पोरांनी आयपीआरएसचं नावसुद्धा ऐकलेलं नसतं. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी वसूल करणारी ही १९६९ पासूनची संस्था आहे. सभासद व्हा, प्रत्येक गाणं नोंदवा. नोंदवलं नाही तर गाणं रेडिओवर वाजूनही तुमच्या नावावर काही येत नाही.

वाटणीचा कागद

गाणं तिघांचं असतं: लिहून गाणारा, बीट करणारा, मधलं धृपद गाणारी कुणी तरी. गाणं पडलं तर भांडण नसतं. चाललं की तिघं तीन दिशेला. म्हणून रेकॉर्डिंगच्याच दिवशी, चहा यायच्या आत, हे लिहायचं. माझ्या खोलीत नमुना टांगलेला आहे, तो असा:

'गाण्याचं नाव, तारीख. शब्द: अमुक, पूर्ण. संगीत: तमुक, पूर्ण. रेकॉर्डिंगच्या कमाईत गाणारा ५०, बीटवाला ३५, धृपद गाणारी १५ टक्के. व्हिडिओचा खर्च बिलं दाखवून आधी वळता. गाणं तिसऱ्याला द्यायचं तर तिघांच्या सह्या.'

वहीच्या पाठकोऱ्या पानावर चालतं. तिघांच्या सह्या, त्याचा फोटो तिघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, म्हणजे तारखेचा पुरावा राहिला.

'फ्री बीट'चं एक सांगून टाकतो. फुकट लिहिलेलं असतं ते बहुधा कमाई न करण्याच्या अटीवर. चार पैसे देऊन घेतलेला बीटसुद्धा 'नॉन-एक्सक्लुझिव्ह' असेल तर तोच पन्नास जणांना दिलेला असतो. एकच शेत पन्नास खंडकऱ्यांना. मग यूट्यूबवर कुणी कुणाचं गाणं पाडायचं याची मारामारी. मिरजेत सतारी करणारे हात आहेत, शहरात ढोलकीवाले आहेत. बीट इथंच करून घ्या, पैसे द्या, कागद करा.

हक्क गाणं तयार झाल्याक्षणी आपोआप मिळतो, नोंदणी हा फक्त पुरावा. तिची सरकारी फी शब्दांना ५०० रुपये, संगीताला ५०० आणि रेकॉर्डिंगला २,०००. रंगमंचावरचं नाव मात्र ट्रेडमार्क म्हणून लवकर नोंदवा. ऑनलाइन, एका व्यक्तीला एका वर्गासाठी ४,५०० रुपये. मनोरंजनाचा वर्ग ४१, टी-शर्टचा २५. मी आळस केला आणि माझ्या नावाच्या टोप्या गणपतीत दुसऱ्यानं विकल्या. बऱ्या होत्या टोप्या, मीही एक घेतली.

पट्टी वाचायला शिका

यार्डात शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडायची: एवढी पोती, एवढं वजन, हमाली एवढी, तोलाई एवढी, अडत एवढी, बाकी एवढी. वडील म्हणायचे, नोटा मागनं मोज, आधी पट्टी मोज. ऑनलाइन गाण्याचीही पट्टी येते. गाणी सगळ्या ॲपवर चढवणारे डिस्ट्रिब्युटर दोन तऱ्हेचे: वर्षाची फी घेणारे आणि टक्का कापणारे. फी भरायची राहिली तर गाणं उतरवणारेही आहेत, तेवढं आधी वाचा. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा, डिस्ट्रिब्युटर बदलताना तोच लागतो.

यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा हवा तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तासांचं बघणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. तिथं अमेरिकेच्या कराचा फॉर्म भरायचा असतो. पोरं तो सोडून देतात. न भरल्यास सगळ्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कापतात. भरला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर १५. पाच मिनिटांचं काम आहे.

कार्यक्रमवाले टीडीएस कापतात. तो कर तुमच्या पॅनवर खरंच जमा झाला का ते आयकराच्या पोर्टलवर बघायचं. एका आयोजकानं माझे कापले आणि भरलेच नाहीत. मला तीन वर्षांनी कळलं.

सुपारी

खरी रोकड अजून कार्यक्रमातच आहे: गणपती, गॅदरिंग, वाढदिवस, हळदी. तमाशावाल्यांचा शब्द वापरतो, सुपारी. सुपारी घेताना निम्मे पैसे विसार म्हणून, उरलेले स्टेजवर चढण्याआधी. स्टेजवरून उतरल्यावर आयोजक सापडत नाही, त्याचा फोन 'बिझी' असतो आणि त्याचा भाऊ म्हणतो, तो आत्ता इथंच होता.

आणि दहाचं कलम विसरू नका. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, काही ठरावीक दिवस सरकार १२ पर्यंत सूट देतं. आपल्याकडं आठचा कार्यक्रम सत्कार-भाषणांनी सव्वानऊला सुरू होतो. एका गावात मी चढलो ९.४०ला, दहाला पोलिस आले आणि आयोजक म्हणाला, "वीस मिनिटांचं कसलं एवढं पैसं?" तेव्हापासून माझ्या सुपारीच्या कागदावर पहिली ओळ: 'ठरलेल्या वेळी हजर असल्यास, कार्यक्रम कोणत्याही कारणाने उशिरा सुरू वा बंद झाला तरी पूर्ण मानधन.' ही ओळ चोरा, माझी हरकत नाही.

मानधन की हिस्सा

अमेरिकेतला रॅपर फिफ्टी सेंट, त्याचा हा व्यवहार मला सगळ्यात आवडतो. व्हिटॅमिनवॉटर बनवणाऱ्या ग्लासो कंपनीची जाहिरात करताना त्यानं कंपनीत हिस्सा घेतला. २००७ मध्ये कोका-कोलानं ती कंपनी ४१० कोटी डॉलरला विकत घेतली. नुसतं मानधन घेऊन मोकळा झाला असता तर तो चेक केव्हाच संपला असता. तिथलाच रॅपर डॉ. ड्रे, त्याचंही तसंच. बुटांच्या जाहिरातीचं चाललं होतं, म्युझिक कंपनीवाल्या जिमी आयव्हिननं त्याला सुचवलं की बूट कसले विकतोस, आवाज विक. त्यातून 'बीट्स' हेडफोन आले आणि २०१४ मध्ये ॲपलनं ३०० कोटी डॉलर मोजले. ज्याचं आपल्याला कळतं तोच धंदा, हे ड्रेकडून घ्यावं. मीसुद्धा २०१२ ला हॉटेल काढायला निघालो होतो. बायकोनं अडवलं आणि त्या पैशात दोन स्पीकर, एक ॲम्प्लिफायर घेतला. ते भाड्यानं देत देत खोली उभी राहिली.

हिस्सा मागताना काय चुकतं ते माझ्या भडंगाच्या सौद्यात बघा. एका भडंगवाल्यांना जाहिरातीचं गाणं हवं होतं. ते १५,००० देत होते. मी फिफ्टी सेंट डोक्यात घेऊन गेलो आणि म्हटलं, ५,००० आत्ता द्या, वर तीन वर्षं पाकिटामागं ५० पैसे. ते हसले, "पन्नास पैशांचं नाणं तरी बघितलंयस का अलीकडं?" पण कबूल झाले. पहिल्या वर्षी ३१,००० पाकिटं, मला १५,५००. दुसऱ्या वर्षी ४६,०००, मला २३,०००. तिसऱ्या वर्षी गाणं पोरासोरांच्या तोंडी, एसटी स्टँडवर प्रत्येक गाड्याला त्यांची माळ लटकलेली, आणि वहीत पाकिटं ९,०००. मी म्हटलं, वही दाखवा. ते म्हणाले, "दाखवलीच की, हे काय लिहिलंय." माझ्या कागदात दर होता, मुदत होती, हिशेब तपासायचा हक्क नव्हता. बिलबुक आणि पाकीट छापणाऱ्याची बिलं बघता येतील, ही ओळ राहून गेली. छापलेली पाकिटं लपत नाहीत. तरी ५,००० धरून एकूण ४८,००० मिळाले, पंधराच्या तिपटीहून जास्त.

बंगला आणि माणसं

त्याच फिफ्टी सेंटनं २००३ मध्ये माइक टायसनकडून कनेक्टिकटमधलं ५२ खोल्यांचं घर घेतलं, ४१ लाख डॉलरला. ते विकायला वर्षानुवर्षं गिऱ्हाईक मिळेना. २०१९ ला २९ लाखांना गेलं. मधल्या काळात, २०१५ मध्ये, कोर्टात मोठी भरपाई बसली आणि त्यानं दिवाळखोरीचा अर्ज केला. रॅपर एमसी हॅमरचा १९९० चा अल्बम अमेरिकेत १ कोटीच्या वर खपला आणि १९९६ मध्ये तो दिवाळखोर, डोक्यावर सव्वा कोटी डॉलरहून अधिक कर्ज. त्याच्या पगारावर दोनशेच्या आसपास माणसं होती असं सांगतात.

यात नवल काय? आपल्याच वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव. त्यांच्या लावण्या महाराष्ट्रभर फडाफडांवर वाजल्या आणि १९४५ मध्ये गेले तेव्हा हलाखीत. बालगंधर्वांच्या मंडळीत खरे दागिने, भारी शालू, अत्तराचा घमघमाट आणि मागं कर्जाची रांग. मी या लोकांना नावं ठेवत नाही. टाळ्या वाजत असताना खर्च दिसत नाही, स्टेजवरचा उजेड डोळ्यांवर असतो.

मी काय करतो ते सांगतो. सुपारीतल्या दर १०० रुपयांतले ३० दुसऱ्या बँकेत जातात. त्या खात्याचं एटीएम कार्डच घेतलेलं नाही, मोबाईल ॲपही नाही. पैसे काढायचे तर गणपती पेठेत जाऊन रांगेत उभं राहावं लागतं आणि रांगेत अक्कल येते. त्यातूनच वर्षाचा कर जातो, उरलेलं पीपीएफमध्ये, १५ वर्षांसाठी. पगारी माणूस एकही नाही. ढोलकीवाला, कॅमेरावाला, ड्रायव्हर सगळे त्या त्या सुपारीपुरते, पण त्यांचे पैसे त्याच रात्री. आणि गाडी जुनी आहे. पोरं हसतात. हसू देत.

पेव

सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवं होती, जमिनीखालची कोठारं. तोंड माणूस उतरेल एवढं, आत खोली मावेल एवढं, वर माती लिंपून बंद. भाव नसला की हळद पेवात. भाव आला की तोंड उघडायचं, लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेली हवा जाऊ द्यायची. वर्षानुवर्षं माल टिकायचा. गाण्यांचं तसंच आहे. माझं २०१० चं गाणं मधे चार वर्षं कुणी विचारत नव्हतं. रील्स आल्या आणि पुन्हा सुरू झालं. गीत-संगीताचा हक्क हयातभर आणि वर ६० वर्षं, रेकॉर्डिंगचा प्रसिद्धीपासून ६० वर्षं. म्हणजे नातवापर्यंत पेव भरलेलं, फक्त ते आपलं पाहिजे आणि कोरडं पाहिजे.

कोरडं हे मी मुद्दाम लिहिलं. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि हळद कुजली, हे वडील शेवटपर्यंत सांगायचे. मी ऐकलं आणि विसरलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये माझी जुनी खोली नदीच्या बाजूला होती. पाणी दाराशी आलं तेव्हा मी स्पीकर उचलले, माइक उचलले, खुर्चीसुद्धा उचलली. टेबलाखालच्या खणातली हार्डडिस्क राहिली. नऊ वर्षांतल्या गाण्यांचे सुटे ट्रॅक, अडतीस गाणी. तयार गाणी नेटवर होती म्हणून वाचली, पण एकाचाही आवाज वेगळा, बीट वेगळा करून कुणाला देता येत नाही. जाहिरातवाले नेमकं तेच मागतात.

आता प्रत्येक कामाच्या तीन प्रती. एक खोलीत, एक क्लाउडवर आणि एक डिस्क थोरल्या बहिणीकडं आटपाडीला. मुद्दाम आटपाडी निवडलं, दुष्काळी तालुका, तिथं पूर कुठला? दर दिवाळीला नवीन डिस्क देतो, जुनी आणतो. मागच्या दिवाळीला ती म्हणाली, "तुझा डबा माझ्या पैठणीखाली ठेवलाय, पण आता आमच्याकडं बी टेंभू योजनेचं पाणी आलंय बरं का." मी डिस्क वरच्या कप्प्यात ठेवून आलो.